जामनेरचा मका आणि इंधनाचा हिशेब

पिकापासून इंधन मिळविणे ही खानदेशास नवी गोष्ट नव्हे. जामनेर तालुक्यातील चुलींत पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या पिढ्यान्‌पिढ्या जळत आल्या. तथापि जळत असे ते पिकाचे उच्छिष्ट. दाणा माणसाकडे व कडबा गुरांकडे जाई. राख उकिरड्यावाटे पुन्हा शेतात येई. अलीकडे दाणाच इंधनासाठी जाऊ लागला, हा फरक मूलगामी होय.

दूरच्या यंत्रासाठी पीक घेण्याचा परिपाठ मात्र येथे जुना आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि खानदेशात कपाशीचे क्षेत्र वाढले. पुढे पाचोरा-जामनेर हा अरुंद मापाचा लोहमार्गही आला. कापसाच्या जोडीस आता मका आला आहे.

मद्यार्क इंधनात मिसळण्याची कल्पना भारतात जुनीच. १९४८ साली त्यासाठी कायदा झाला. २००० साली तो रद्दही झाला. २००१ मध्ये मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प निघाले, त्यांपैकी एक खानदेशच्या सीमेलगत मनमाड येथे होता. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर या कार्यास गती आली. पुढे २०२३ चा पाऊस अपुरा झाला व डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. तो भार मुख्यतः मक्याने उचलला. २०२३–२४ च्या पुरवठा वर्षात इथेनॉलच्या कच्च्या मालात मका अग्रस्थानी गेला. एरव्ही मका निर्यात करणाऱ्या देशास २०२४ मध्ये तो आयात करावा लागला, आणि कुक्कुटपालकांचे खाद्य महागले. गाळपानंतर उरणारा चोथा पशुखाद्य म्हणून परत येतो हे खरे. पण तो मूळ धान्याच्या सुमारे एक-तृतीयांशच असतो.

उसाविरुद्ध मक्याची बाजू पाण्याच्या मुद्द्यावर मांडली जाते. साखरेपासून मिळणाऱ्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. खरिपाचा मका त्या मानाने खचितच काटकसरी. परंतु मका नत्राचा भुकेला आहे. युरिया बनतो तो नैसर्गिक वायूपासून, आणि शेतातील अतिरिक्त नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या मोजणीत कर्बवायूच्या सुमारे २७३ पट तापदायक ठरतो. पॉल क्रुट्झेन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच कारणास्तव मक्याच्या इंधनाचा हवामानविषयक लाभ संशयास्पद ठरविला होता. पेट्रोलपंपावरील हिशेबात ही बाब येत नाही.

शेतकऱ्यास दोष देणे अर्थात् अन्यायाचे होईल. ज्यास गिऱ्हाईक आहे ते पीक तो घेतो. प्रश्न रब्बीचा आहे. अजिंठ्याच्या डोंगराकडून वाघूर आणि तिला मिळणारी कांग या नद्या जामनेरच्या ज्या भूमीतून वाहतात, ती बेसॉल्टची. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्याप्रमाणे तिच्या पोटात पाणी फारसे साठत नाही, आणि रब्बीच्या मक्यास विहिरीच्या पाळ्या द्याव्याच लागतात. पूर्वीची रब्बी ज्वारी बहुतांशी काळ्या मातीतील ओलीवर पिके, आणि तिचा कडबा दावणीला मिळे.