दोन फेऱ्यांमधलं रिकामं जहाज

मागच्या खेपेला कोकणातल्या आगबोटींवर बोललो, त्यानंतर खाली चहाच्या टेबलाशी एका बाईंनी आम्हाला गाठलं. त्या इथल्याच, दहिसर पूर्वेच्या. म्हणाल्या, ‘आम्ही दोघं यंदा क्रूझला जाणार आहोत. आधी शनिवार-रविवारची गोव्याची फेरी आणि लगेच त्याच बोटीने लक्षद्वीपची. बोट तीच, केबिनही बहुतेक तीच. मग मधल्या दिवशी आम्हाला खाली का उतरवणार? सामान काढायचं की ठेवायचं?’ तेव्हा आम्ही थातूरमातूर उत्तर दिलं. घरी गेल्यावर वाटलं, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्यावर.

सुरुवात आपल्या लोकलपासून करू. सकाळी चर्चगेटची गाडी दहिसरला येते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आपल्यातले शहाणे काय करतात? उलटी गाडी पकडून भाईंदरला नाहीतर थेट विरारला जातात आणि त्याच डब्यात, त्याच खिडकीशी बसून ‘रिटर्न’ येतात. विरारकर शिव्या घालतात तो भाग वेगळा. (हशा) पण गाडी तीच, फेरी नवी आणि आपण जागचे हललेलो नाही, हे लोकलमध्ये चालून जातं, कारण गाडीत माणसं किती आहेत हे कुणी मोजत नाही. जहाजावर ते मोजावं लागतं. आणि ही मोजणी सुखासुखी आलेली नाही, तिच्यामागे बुडालेल्या बोटी आहेत. त्यांतल्या दोन तर आपल्या मुंबईच्या.

‘फेरी’ हा आपला शब्दच पाहा. नुसतं जाणं म्हणजे फेरी नव्हे, त्यात परत येणं धरलेलं असतं. कोकणची बोट मुंबईहून निघायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत खाली जायची आणि तशीच परत यायची. यांतल्या बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती दूर उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव सुटायचे, आणि हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा. आज सभागृहात पासष्टी ओलांडलेले जे आहेत, त्यांच्यापैकी काहींनी हे केलं असेल. निदान आईच्या कडेवर बसून तरी.

आता या पडावांच्या प्रवासात प्रवासी मोजणार कोण? तिकीट मुंबईला फाडलं तर त्याची नोंद मुंबईला. मधल्या बंदरात दहा उतरले, पंचवीस चढले. कडेवरचं मूल धरायचं की नाही? तिकीट न काढता चढलेला पुतण्या? आम्ही हे हसण्यावारी सांगतोय, पण इथेच मेख आहे. दर बंदरात थोडी भरणारी आणि थोडी रिकामी होणारी बोट कधी पूर्ण रिकामी होतच नाही. आणि जी पूर्ण रिकामी होत नाही, तिच्यावर नेमकी किती माणसं आहेत हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

पहिली गोष्ट नोव्हेंबर १८८८ ची. बोटीचं नाव ‘वैतरणा’. लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, कारण तिच्यावर विजेचे दिवे होते आणि त्या काळात ते अप्रूप होतं. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची बोट, जेमतेम तीन वर्षं जुनी. ८ नोव्हेंबरला ती कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली. द्वारकेला आणखी प्रवासी चढले. पोरबंदरला हवा इतकी बिघडलेली की बोट न थांबताच पुढे निघाली. त्यानंतर सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ती गेली, ती गेलीच. एकही माणूस परत आला नाही. लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विद्यार्थी होते. गुजरातीत तिच्यावर गाणी झाली, ती आजही म्हटली जातात. पण बोटीवर माणसं किती होती? सातशेच्या वर, एवढं नक्की. कुणी ७४६ म्हणतं, कुणी त्याहून बराच मोठा आकडा सांगतं. पुढे चौकशी झाली, होड्या आणि जीवरक्षक साधनं पुरेशी नव्हती असं निघालं. आम्हाला मात्र त्या आकड्यांतला फरक जास्त टोचतो. जहाज बुडालं हे वादळाचं काम. पण बुडालेल्यांची संख्या सांगता येऊ नये, हे वादळाचं काम नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही सगळे ओळखून असाल. १७ जुलै १९४७, ‘रामदास’. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. सकाळी आठच्या सुमाराला बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळ्यात लांबची कोकण वाहतूक बंद असायची, रेवसची मात्र चालायची. आषाढी अमावास्या तोंडावर, त्यामुळे गावी जाणाऱ्यांची गर्दी. रेवसची बोट म्हणजे तेव्हाची लोकलच: जा, उतरव, भर, परत ये. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे इतक्या जवळ घडलेली गोष्ट मुंबईला कळली ती पोहून, वाहत वाहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून. काहींना वाचवलं ते मासे घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी. आकड्यांचं पुन्हा तेच. विकलेली तिकिटं किती हे सांगता आलं. बिनतिकिटी किती, बोटीवरच्या हॉटेलात काम करणारी पोरं किती, यावर नुसत्या बेरजा-वजाबाक्या. नाव कुठल्याच यादीत नव्हतं अशा माणसाच्या घरच्यांनी कुणाकडे जाऊन काय सांगायचं?

मग मुंबई बंदरात माणसं कधी नीट मोजलीच गेली नाहीत का? गेली होती, आणि वीजळीच्याच काळात. हज यात्रेच्या जहाजांवर. हा भाग आम्हाला स्वतःला नवा होता, म्हणून थोडं थांबतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई हे हजला जाण्याचं मोठं बंदर झालं होतं. मोसमात एकच जहाज मुंबई-जेद्दा अशा लागोपाठ फेऱ्या करायचं. हजच्या आधी जाताना खच्चून भरलेलं आणि येताना जवळपास मोकळं, हज झाल्यावर नेमकं उलट. दाटी भयंकर असायची. १८८० साली ‘जेद्दा’ याच नावाचं एक जहाज सिंगापूरकडून नऊशेच्या वर यात्रेकरू घेऊन चाललं होतं. पाणी आत यायला लागलं तसे कप्तान आणि अधिकारी यात्रेकरूंना तसंच सोडून होडीतून पळाले, आणि एडनला पोचून सांगितलं की जहाज बुडालं. दुसऱ्या दिवशी तेच जहाज, यात्रेकरूंसकट, दुसऱ्या एका जहाजाने ओढत एडनला आणलं! जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी या प्रकरणातून निघाली.

१८८६ साली हिंदुस्थान सरकारने यात्रेकरूंच्या वाहतुकीचं काम थॉमस कुक कंपनीला दिलं. हो, तीच सहलीवाली. १८९५ साली यात्रेकरू जहाजांचा स्वतंत्र कायदा आला. कुठल्या जहाजावर किती माणसं मावतील ते जागा मोजून ठरवायचं, पाणी आणि सामग्री तपासायची, निघण्याआधी डॉक्टरने यात्रेकरूंना पाहायचं, आणि मगच जहाज सोडायचं. म्हणजे आज क्रूझच्या दोन फेऱ्यांमध्ये जे चालतं त्यातलं बरंच काही या कायद्यात सापडतं: जहाज रिकामं करा, धुवा, तपासा, मोजून भरा.

पण हे सगळं यात्रेकरूंच्या काळजीपोटी झालं असं समजू नका. युरोपला भीती होती पटकीची आणि पुढे प्लेगची. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९७ साली मुंबईहून हजला जाणंच बंद केलं गेलं. लाल समुद्रात कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून, त्यांचे कपडे वाफेच्या यंत्रातून काढून, दिवसचे दिवस अडकवून ठेवत. यात्रेकरूला मोजलं ते तो रोग घेऊन येईल म्हणून. रेवसच्या प्रवाशाची तशी भीती कुणाला नव्हती, म्हणून त्याच्या मोजणीची घाई कुणाला झाली नाही. आमचं हे मत कुणाला कडवट वाटेल, वाटू द्या. पुढे मुंबईच्या कितीतरी कुटुंबांनी मोगल लाइनच्या जहाजांतून हज केला, १९९५ साली ‘अकबरी’ची फेरी झाली आणि समुद्रमार्गे जाणं थांबलं.

आता जरा बाहेर जाऊ, पण झटकन. ६ मार्च १९८७, बेल्जियममधलं झेब्रुगा बंदर. ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ नावाची फेरीबोट, मोटारी घेऊन जाणारी. तिच्यावरचे बरेच प्रवासी एका दिवसात जाऊन परत येणारे होते, आपल्यासारखे रिटर्नवाले. बोटीचं पुढचं दार बंद करायचं काम ज्याचं, तो दोन फेऱ्यांमधली साफसफाई उरकून केबिनमध्ये जरा आडवा झाला आणि त्याला झोप लागली. वेळ गाठायची घाई, दार उघडंच. बोट धक्का सोडून बाहेर पडली आणि काही मिनिटांत उलटली. १९३ माणसं गेली. आणि तिथेही, १९८७ साली, युरोपात, बोटीवर नेमके किती जण होते ते लगेच सांगता आलं नाही! त्यानंतर निघण्याआधी प्रत्येक माणूस मोजायचा आणि नावं किनाऱ्यावर ठेवायची, हे आंतरराष्ट्रीय नियमांत पक्कं झालं.

‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. १३ जानेवारी २०१२. ही बोटसुद्धा बंदरोबंदरी प्रवासी घेणारी. त्या संध्याकाळी रोमजवळच्या चिव्हितावेक्कियाला सुमारे ७०० जण नव्याने चढले होते. संकटात कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं, ही कवायत तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत घेतली तरी चालत होती. ती त्यांची व्हायची होती. त्याआधीच बोट खडकाला लागली. ३२ जण गेले. २०१५ पासून नियम बदलला: कवायत सुटण्याआधी, नाहीतर सुटल्यासुटल्या.

तर बाईंच्या प्रश्नाकडे येतो. आज आल्या आहेत का त्या? हां, मागे बसल्यात.

लागोपाठच्या दोन फेऱ्यांमधल्या दिवसाला क्रूझवाले ‘टर्नअराउंड डे’ म्हणतात. आदल्या रात्री तुमच्या पहिल्या फेरीचा हिशेब बंद होईल. तुमचं प्लॅस्टिकचं कार्ड, ज्याने केबिनचं दार उघडतं, ते दुसऱ्या फेरीसाठी बहुतेक नवं मिळतं. केबिन तीच असेल तर सामान तिथेच राहू द्या. बदलणार असेल तर बॅगा भरून ठेवायच्या, हँगरवरचे कपडे पुष्कळदा तसेच नेऊन देतात, पण हे आदल्या दिवशी रिसेप्शनवर विचारून घ्या. सकाळी पुढे जाणाऱ्यांना एके ठिकाणी बसवतात. काही बंदरांत बोटीवरच थांबू देतात. काही ठिकाणी, अमेरिकेत तर सर्रास, सगळ्यांना एकदा खाली उतरवून, प्रवाशांचा आकडा शून्यावर आणून, मग पुन्हा वर घेतात. फेरी परदेशातून आली असेल तर पासपोर्टचं काम असतं. लक्षद्वीपला आपल्यालाही परवाना लागतो, तो कंपनी काढते, पण कागद हाताशी ठेवा. औषधं, चष्मा, फोनचा चार्जर त्या सकाळी खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. आणि कवायत पुन्हा होईल. ‘आम्ही परवाच केली की’ म्हणून चालणार नाही.

त्या दोन-तीन तासांत बोट विलक्षण रिकामी असते. शक्य असेल तर एक चक्कर मारा आणि काम करणाऱ्यांकडे बघा. हजारो चादरी त्या वेळात बदलल्या जातात, भाजीपाला चढतो, कचरा उतरतो. खरे लागोपाठच्या फेऱ्या करणारे ते. त्यांना सहा-आठ महिने ‘मधला दिवस’ नसतोच, उलट तोच सगळ्यात जड दिवस. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण टर्नअराउंडच्या दिवशी ते दहा तास तुकड्यातुकड्यांनी मिळतात.

त्यांच्यात गोव्याची, रत्नागिरीची मुलं तुम्हाला हमखास भेटतील, आणि हेही आजचं नाही. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, वाढपी आणि स्वयंपाकी गोव्याचे. एक करार संपला की दुसरं जहाज मिळेपर्यंत गोवेकर राहायचे ते कूडमध्ये. धोबीतलाव, चिराबाजार, माझगावकडे अजून काही कूड आहेत. एकेक कूड एकेका गावाचा. प्रत्येकाची आपली पेटी, भिंतीशी वेदी, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. भाडं अगदी थोडं. जहाज लागलं की पेटी कूडमध्ये ठेवून माणूस निघायचा, परत आला की पेटी जागेवर. प्रवाशांना दोन फेऱ्यांमध्ये एक सकाळ काढायची असते. या लोकांनी तिथे महिनेच्या महिने काढले, कधी वर्षसुद्धा, पुढच्या फेरीची वाट बघत.

कूडवर खरं तर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, आज वेळ संपली. प्रश्न घेऊ या. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी कोकण बोटीचं जुनं तिकीट असेल, फाटकंतुटकं का असेना, तर फोटो काढून आम्हाला जरूर दाखवा.