टेबलाखालची जागा

१९४१ साली इंग्लंडमधल्या हजारो घरांत एक नवंच टेबल येऊन बसलं. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच. वर पोलादी पत्रा, चार कोपऱ्यांना लोखंडी अँगलचे पाय, बाजूंना तारेची जाळी. सुटे भाग घरपोच यायचे आणि नटबोल्ट आवळून जोडणी घरच्यांनीच करायची. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री भोंगा वाजला की सगळ्यांनी आत शिरून झोपायचं. त्या वेळचे गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांच्यावरून त्याचं नाव पडलं मॉरिसन शेल्टर. वर्षाला ३५० पौंडांहून कमी मिळकत असलेल्या कुटुंबांना सरकार ते फुकट देत होतं, आणि वर्ष संपेपर्यंत असे सुमारे पाच लाख संच वाटून झाले होते.

‘टेबलाखाली शिरा’ ही सूचना आज भूकंपाच्या माहितीपत्रकांत असते आणि शाळेतल्या कवायतीतही असते. तिचं कूळ शोधायला गेलं की वाट एकच नसते, अनेक घराणी एकमेकांत मिसळलेली दिसतात. तरी मूळ पुरुषाचा मान मी या लोखंडी टेबलालाच देईन. सरकारने लोकांना वाचण्याचा सल्ला द्यावा तो कसा, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

त्याआधीचा सल्ला होता परसात खड्डा खणून त्यात पन्हळी पत्र्याचा अँडरसन शेल्टर उभारण्याचा. तो स्फोटात टिकायचा, पण लंडनच्या थंडीत त्यात ओल यायची, पाणी साचायचं. शिवाय शहरातल्या कितीतरी लोकांना परसच नव्हतं. बॉम्ब पडत असतानाही माणसं घरातल्या अंथरुणावरच झोपत होती. अधिकाऱ्यांना याचा राग आला असता तर नवल नव्हतं. पण जॉन बेकर या स्थापत्य अभियंत्याने लोकांच्या या वागण्यालाच गृहीत धरून विचार सुरू केला. लोक घरातच राहणार असतील, तर घरात माणूस नेमका कशाने मरतो?

थेट बॉम्ब पडला तर इलाज नाही. पण थेट बॉम्ब पडतो मोजक्या घरांवर. आसपासची कितीतरी घरं हादऱ्याने बसतात आणि वरचा मजला खालच्या मजल्यावर येतो. म्हणजे टेबलाला झेलायचा होता तो कोसळणारा मजला. बेकर यांनी ते न वाकणारं करण्याचा हट्ट धरला नाही. पत्र्याला बाक येऊ दे, पाय मुडपू देत, त्या वाकण्यातच पडत्या ओझ्याचा जोर खर्च होऊ दे. आतल्या माणसांपुरती पोकळी उरली की झालं. पुढे वाईट पडझड झालेल्या ४४ घरांची पाहणी झाली. त्या घरांतल्या मॉरिसन शेल्टरमध्ये १३६ माणसं होती. त्यांतली ३ दगावली, १३ जबर जखमी झाली आणि उरलेली १२० किरकोळ जखमांवर किंवा काहीच न होता बाहेर आली. तिघांचा मृत्यू झाला ते घर थेट बॉम्बखाली सापडलेलं होतं. जबर जखमींपैकी काहींचं टेबल घरात चुकीच्या जागी मांडलेलं होतं.

सरकारने लोकांना नुसतं ‘टेबलाखाली जा’ असं सांगितलं नाही, टेबलही दिलं. आणि त्या टेबलापाशी पोचायच्या आधी मरणाचं कारण शोधलं.

या कुळाची दुसरी शाखा जपानमधली. त्सुतोमु यामागुची हा मित्सुबिशीचा २९ वर्षांचा अभियंता कामानिमित्त हिरोशिमात होता. ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी आकाशात लखलखाट झाला तेव्हा तो स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर होता. हवाई हल्ल्याच्या कवायतीत शिकवलेलं हाताला आठवलं: डोळ्यांवर बोटं, कानांत अंगठे, आणि अंग जमिनीवर. तो भाजला, पण वाचला. नागासाकीला घरी परतला आणि ९ तारखेला कचेरीत साहेबांना हिरोशिमाची हकीकत सांगत होता. एका बॉम्बने अख्खं शहर जातं हे त्यांना पटत नव्हतं. तेवढ्यात खिडकीबाहेर तसाच लखलखाट झाला. यामागुची पुन्हा जमिनीवर झेपावला. पुढे तो ९३ वर्षांचा होऊन २०१० साली वारला.

यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. प्रकाश तत्क्षणी पोचतो, स्फोटाची लाट मागून येते, एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेत. केंद्राजवळच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. पण दोन, तीन, पाच किलोमीटरवरच्या माणसाला मध्ये काही सेकंद मिळतात. उभा राहिलेला माणूस तेवढ्यात खिडकीशी जातो, आणि खिडकीची काच त्याच्याकडे येते.

अमेरिकेने हीच गोष्ट मुलांना शिकवायला घेतली. १९४९च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब उडवला. पुढच्या दीड वर्षात अमेरिकेचं नागरी संरक्षण खातं उभं राहिलं आणि १९५२च्या सुरुवातीला ‘डक अँड कव्हर’ हा नऊएक मिनिटांचा चित्रपट शाळांकडे निघाला. बर्ट नावाचं कासव धोका दिसला की कवचात शिरतं. मुलांनी तसं बाकाखाली शिरून डोकं, मान झाकायची. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांना गळ्यात घालायला धातूचे ओळखपत्राचे बिल्ले वाटले गेले. बिल्ला कशासाठी, हे थोड्या मोठ्या मुलांना कोणी समजावून सांगावं लागलं नसेल.

या चित्रपटाची नंतर भरपूर टिंगल झाली. १९८२च्या ‘द अ‍ॅटॉमिक कॅफे’ या माहितीपटाने तर बर्टला भाबडेपणाचं प्रतीकच करून टाकलं. मला ती टिंगल अर्धीच पटते. १९५१ सालच्या बॉम्बपुरती ती सूचना बाहेरच्या वर्तुळातल्या लोकांच्या उपयोगाची होती, आणि मोठ्या शहरात बहुसंख्य माणसं बाहेरच्या वर्तुळातच असतात. तिचा खरा दोष होता तो तिचं गप्प राहणं. किरणोत्सर्गी धूळ, पाणी, पुढचे दिवस यांच्याबद्दल ती जवळजवळ काही बोलत नव्हती. १ मार्च १९५४ला बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनचा हायड्रोजन बॉम्ब उडवला. त्याची राख कितीतरी दूर मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली आणि खलाशी आजारी पडले. हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा हा सुमारे हजारपट मोठा. बॉम्ब बदलला, पण वर्गातली कवायत पुढे कितीतरी वर्षं तीच राहिली.

ब्रिटनने १९८० साली काढलेली ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका तर घरातले दरवाजे काढून भिंतीला तिरके टेकवा आणि त्याखाली राहा असं सांगत होती. ते दरवाजे पोलादी टेबलाचे गरीब नातलग. रेमंड ब्रिग्ज यांनी दोनच वर्षांनी एका म्हाताऱ्या जोडप्याची चित्रकथा काढली, ‘व्हेन द विंड ब्लोज’. ते दोघं सरकारी सूचना अक्षर न अक्षर पाळतात आणि हळूहळू किरणोत्सर्गाने संपत जातात. त्यांचा सरकारवरचा विश्वास वाचताना पोटात तुटतं.

तरी बर्ट कासवाचं खरं मोल कळलं ते १५ फेब्रुवारी २०१३ला, रशियात. चेल्याबिन्स्कच्या आकाशात सकाळी एक अशनी फुटला. सूर्याहून तेजस्वी उजेड पडला, माणसं काय झालं ते बघायला खिडक्यांशी गेली, आणि मिनिट-दोन मिनिटांनी हवेच्या लाटेने शहरभर काचा फुटल्या. जवळपास १५०० लोक दवाखान्यांत गेले, बहुतेक काचांनी कापलेले. एका शाळेत चौथीच्या बाईंनी मात्र उजेड पाहताच ४४ मुलांना बाकांखाली घातलं. एकाही मुलाला इजा झाली नाही. बाई स्वतः उभ्या होत्या. त्यांच्या हाताचा स्नायुबंध काचेने कापला गेला.

खिडकीशी जाण्याची ही ओढ जुनी आहे. १९१७ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात जळतं जहाज बघत लोक काचेआड उभे होते आणि स्फोटानंतर डोळ्यांच्या जखमांची रांग लागली. २०२०च्या ऑगस्टमध्ये बैरूत बंदरातल्या स्फोटावेळी हातात मोबाइल होता, एवढाच फरक. आपल्या मुंबईत १४ एप्रिल १९४४ला ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं होती, आणि पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले; त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९७१च्या युद्धात शहरातल्या काचांवर काळे कागद आणि कागदी पट्ट्या चिकटवलेल्या अनेकांना आठवत असतील. काळा कागद उजेड लपवायला होता, पट्ट्या काचेचे तुकडे उडू नयेत म्हणून.

भूकंपाच्या घराण्यात टेबलाला जागा मिळाली ती उशिरा. आधी मान होता दाराच्या चौकटीला. कॅलिफोर्नियात कच्च्या विटांची घरं पडली की लाकडी चौकट तेवढी उभी दिसायची. तिथून ‘चौकटीत उभे राहा’ निघालं आणि जगभर गेलं. पुढे घरं बदलली, चौकटीला बाकीच्या भिंतीहून वेगळं बळ राहिलं नाही, आणि सल्ला बदलावा लागला: खाली बसा, टेबलाखाली डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. २००८च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी एकाच दिवशी ही कवायत केली. तिथे ती बरोबर आहे. तिथलं हलकं लाकडी किंवा नियमाने बांधलेलं काँक्रीटचं घर सहसा पूर्ण कोसळत नाही. माणूस जखमी होतो तो कपाट, दिवा, काच अंगावर पडून, नाहीतर धावताना पडून. मोबाइलवर अधूनमधून फिरणारा ‘टेबलाखाली मरण, शेजारच्या त्रिकोणात जीवन’ हा निरोप तिथे लागू नाही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा आडवी झालेली. भूकंप जगाच्या हिशेबाने मध्यम, ६.२चा. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात आठ हजारांच्या घरात माणसं गेली.

तिथलं घर कसं होतं ते पाहिलं पाहिजे. भिंत दोन-अडीच फूट जाड, दगड-मातीची. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये कपच्या आणि मातीची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर लाकडी खण आणि त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची, आणि वर्षागणिक छप्पर जड होत जायचं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याहून गार घर सापडायचं नाही. ज्यांनी ते बांधलं त्यांनी विचार करूनच बांधलं होतं. पण जमीन हलली की आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटतो, भिंतीला पोट येतं, ती फुटते आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर येते. ढिगाऱ्याखाली सापडलेल्याला दगडाइतकीच मातीची भीती, कारण नाकातोंडात धूळ जाऊन श्वास कोंडतो.

त्या घरात टेबल नव्हतंच. माणसं वाकळ अंथरून जमिनीवर झोपली होती. पळावं तर अंधार, आणि बाहेर अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना तशाच भिंती. त्या काही सेकंदांत उपयोगी पडेल असा सल्ला त्यांतल्या बहुतेकांना जगातलं कुठलंच सरकार देऊ शकलं नसतं. त्यांना हवा होता तो भूकंपाच्या आधीचा सल्ला, आणि तो गवंड्याच्या कानावर पडायला हवा होता: ठरावीक अंतरावर भिंतीतून आरपार दगड घाला, कोपरे बांधून घ्या, दाराखिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना धरणारा पट्टा फिरवा, माळवदाची माती कमी करा. अशाच उपायांची कमकुवत बांधकामासाठीची भारतीय मानकं त्याच १९९३ साली निघाली. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसली, गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं आणि उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीचं काम निघालं. बेकरनी बॉम्ब पडत असतानाच विचारलेला प्रश्न इथे विचारला गेला तो इतकी माणसं गेल्यावर.

जिओहझार्ड्स इंटरनॅशनल या संस्थेने पुढे सूचना लिहिणाऱ्यांसाठीच मार्गदर्शन तयार केलं. त्यात घराच्या प्रकाराप्रमाणे सल्ला वेगळा आहे. जड मातीच्या छपराच्या घरात, तळमजल्यावर, दाराजवळ आणि बाहेर मोकळं असेल तर बाहेर पडा. इतरत्र खाली बसा आणि डोकं झाका. हा सल्ला भिंतीवरच्या चित्रात मावायला अवघड आहे, पण तो खरा आहे.

आपल्याकडे अनेक जिल्हा परिषद शाळांत खालच्या वर्गांतली मुलं आजही बस्करावर बसतात. त्यांच्यासाठी लावलेल्या चित्रातला मुलगा टेबलाखाली असतो. त्या शाळेसाठी चित्र नव्याने काढायला हवं: खिडकी आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीलगत गुडघ्यांवर वाकलेली मुलं, मानेवर दोन्ही हात, डोक्यावर दप्तर. कपाट भिंतीला पट्टीने आवळलेलं आहे की नाही आणि छताखालचा पट्टा चारही भिंतींवरून फिरलाय की नाही, हे बघायला मात्र शिक्षकासोबत एक अभियंताही त्या वर्गात यायला हवा, आणि तो कवायतीच्या आधी यायला हवा.