माजघर, चाळ आणि निजण्याची खोली

घरांत कोणीं कोठें निजावें, हा इतिहासाचा विषय कसा, असें कांहीं श्रोत्यांस वाटेल. परंतु समाजाचा इतिहास जसा तहनाम्यांत सांपडतो, तसाच तो अंथरुणांच्या जागांतही सांपडतो. आज त्यासाठीं आपण ठाणें, कल्याण आणि डोंबिवली एवढाच टापू घेऊं.

जुन्या वाड्यांत निजण्याची निराळी खोली बहुधा नसे. पुरुषमंडळी ओटीवर किंवा पडवींत, बायकामुलें माजघरांत आणि बाळंतीण तिच्या अंधाऱ्या खोलींत. आजीच्या एका कुशीला नातू, तर दुसऱ्या कुशीला माहेरीं परतलेल्या आत्येचें मूल. सकाळीं वळकट्या उचलल्या कीं तेंच माजघर पुन्हां दिवसाच्या कामाचें होई.

१६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. १८५४ मध्यें ती कल्याणास पोंचली. डोंबिवलीचें स्टेशन १८८७ मध्यें झालें. मुंबईंत नोकरी आणि इकडे बिऱ्हाड, असा संसार शक्य झाला. १८९६ च्या प्लेगनें दाटीचा धोका दाखविला व १८९८ मध्यें मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तरीही १९२० नंतर तेथें उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची होती. इकडल्या चाळींतही दोन खोल्यांत आईबाप, मुलें आणि शिक्षणासाठीं आलेला भाचा अशीं सारीं निजत. उन्हाळ्यांत पुरुष गॅलरींत जात.

पुढें १९४७ च्या कायद्यानें भाडीं गोठलीं, भाड्यासाठीं घरें बांधणें परवडेनासें झालें आणि मालकीच्या फ्लॅटांचें युग आलें. त्यांचा कायदा १९६३ चा. फ्लॅटाबरोबर ‘बेडरूम’ आली आणि तिला आंतून कडी आली.

खरा बदल तो येथेंच. ‘आम्ही नाहीं का सारे एकत्र निजलों?’ असें वडीलधारीं माणसें विचारतात. पण माजघरांत दहा जण निजत, आणि कोणाची तरी झोंप सावध असे. तेथेंही अन्याय घडत नसत असें नव्हे. मात्र बंद दाराआड एक मूल आणि एक नातलग, ही जुनी रीत नव्हेच. केंद्र सरकारनें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मुलांवर अत्याचार करणाऱ्यांपैकीं निम्मे लोक त्यांच्या ओळखीचे व विश्वासांतले निघाले. २०१२ मध्यें पोक्सो कायदा झाला; पण कायदा उंबऱ्याबाहेर उभा असतो.

म्हणून आजीजवळची ऊब नातवापासून हिरावूं नये. वयांत येणाऱ्या मुलामुलींस मात्र पडद्याआडची कां होईना, स्वतःची जागा द्यावी. पाहुण्याचें अंथरूण दिवाणखान्यांत घालावें. आणि ‘मला तेथें निजायचें नाहीं’ असें मूल म्हणालें, तर कारण विचारण्यापूर्वीं त्याची वळकटी आपल्याजवळ आणावी.