रणगाड्यावरचा त्रिकोण

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातील ब्रिटिश रणगाड्यांची १९४१-४२ मधील छायाचित्रे पाहताना बुरुजावर रंगवलेला एक त्रिकोण वारंवार नजरेस पडतो. प्रथमदर्शनी तो गूढ वाटतो. वस्तुतः ते एका साध्या लिपीतले अक्षर आहे. त्रिकोण म्हणजे 'ए' स्क्वॉड्रन, चौकोन म्हणजे 'बी', वर्तुळ म्हणजे 'सी', आणि शंकरपाळ्याच्या आकाराची खूण मुख्यालयाची.

पण आकृतीवरून स्क्वॉड्रन तेवढे कळते. ब्रिगेडमधील रेजिमेंट कोणती, हे सांगण्याचे काम प्रमाण पद्धतीनुसार रंगाचे होते: ज्येष्ठ रेजिमेंटला लाल, दुसरीला पिवळा, तिसरीला निळा. आणि छायाचित्र कृष्णधवल! वाक्य उरले, त्यातले विशेषनाम तेवढे गळाले.

करडी छटा पाहून रंग ठरवण्याचा मोह आम्हालाही झालेला आहे. परंतु ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. तो काळा उमटतो आणि निळा पांढुरका होतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल करडा दिसतो, आणि भिंगापुढे पिवळी काच असेल तर निळाच गडद होतो. तेव्हा फिल्म कोणती हे ठाऊक नसताना रंग सांगणे म्हणजे पोथी कोणाच्या हातची हे न पाहता पाठ निश्चित करणे होय.

पाचव्या इंडियन डिव्हिजनचे चिन्ह होते काळ्या चौकोनावर लाल गोळा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तो काळ्यात काळा मिसळतो आणि ट्रकवर नुसता काळा चौकोन उरतो. इरिट्रियातील केरनच्या डोंगरांत १९४१ साली या डिव्हिजनमधून मराठा पलटणही लढली. तो चौकोन वाचला गेला नाही, तर छायाचित्राखाली 'ब्रिटिश ट्रक' एवढेच छापले जाते, आणि त्या ट्रकमागून चालणारी माणसे कोणाची होती हा प्रश्नच उद्भवत नाही.

शिवाय खूण खरीच असते असेही नाही. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या हल्ल्यासाठी तीन जर्मन एसएस डिव्हिजननी आपली नेहमीची चिन्हे बदलून आडव्या पट्टीवर एक, दोन वा तीन उभ्या दांड्या रंगवल्या. ती खूण शत्रूच्या वाचकाला चकवण्यासाठीच होती. ऐंशी वर्षांनंतरचा वाचकही तीत सहज सापडतो.

म्हणून आम्ही त्रिकोणाकडून 'टी' अक्षराने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकाकडे वळतो, मग बाजूला रंगवलेल्या नावाकडे, आणि अखेरीस पलटणीच्या युद्ध-रोजनिशीकडे. तेथेही दुवा जुळला नाही, तर 'ए स्क्वॉड्रन' एवढे लिहून रेजिमेंटची जागा मोकळी सोडतो.