डोंबिवली, दुपारी 1.40

डिसेंबर 2009. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत डोंबिवली औद्योगिक क्षेत्राला 78.41 गुण. 70 च्या वर गेलं की क्षेत्र अतिप्रदूषित.

26 मे 2016. एमआयडीसी फेज 2. प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट. मृत 12. पंचनामे 2,660 मालमत्तांचे. चौकशी अहवाल यायला दोन वर्षं गेली.

फेब्रुवारी 2020. एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला. मुख्यमंत्री स्वतः पाहून गेले.

फेब्रुवारी 2022. 156 धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय. पुढचे 27 महिने स्थलांतर मार्गी लागलं नाही.

या 27 महिन्यांतही कागदपत्रं फिरतच होती. चिमणीची उंची, इंधन, धुराची मर्यादा हे सगळं राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असतं. बॉयलरची नोंदणी बाष्पके संचालनालयाकडे. रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या कामगाराची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. कारखाना एक, फायली तीन. एका टेबलावर नसलेला कागद दुसऱ्या टेबलावर कुणी मागत नाही. माझ्या मते घात इथे होतो.

20 मे 2024. डोंबिवली ज्यात येते, त्या कल्याण लोकसभा मतदारसंघात मतदान.

23 मे, गुरुवार, सकाळ. बुद्धपौर्णिमेची सुट्टी, सरकारी कार्यालयं बंद. फेज 2 मधल्या अमुदान केमिकल्समध्ये काम चालू.

दुपारी 1.40 च्या सुमारास. स्फोट. दोन-तीन किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. शेजारचे कारखाने आणि गाड्यांचं शोरूम आगीत सापडलं.

संध्याकाळ. कामगार विभागाने सांगितलं: कारखान्यातल्या बॉयलरची भारतीय बॉयलर विनियम, 1950 नुसार नोंदणीच नव्हती. स्फोट रिअ‍ॅक्टरमध्ये झाल्याचं पुढे तपासात आलं. म्हणजे नोंद नसलेला बॉयलर उजेडात यायलाही आधी दुसरं भांडं फुटावं लागलं.

24 मे. मृत 10 च्या घरात, ढिगाऱ्यात शोध चालूच. कुणाची ओळख अंगठी-मंगळसूत्रावरून पटली, बाकीच्यांसाठी डीएनए चाचणी.

12 जून. त्याच एमआयडीसीत इंडो अमाइन्सला आग. मधे गेले होते 20 दिवस.

मुखेडच्या वाचकांनो, असा कारखाना आपल्याकडेही असू शकतो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय नांदेडला आहे. गावाशेजारी बॉयलरवर चालणारा कारखाना असेल, तर माहिती अधिकारात त्याचं संमतीपत्र मागा, आणि बाष्पके संचालनालयाकडे बॉयलरचं नोंदणी प्रमाणपत्रही मागा. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका.