मुदतवाढीचा एक दिवस

या घटनाक्रमातली बाई आणि तिच्या घरची माणसं कल्पित आहेत. कायदा, सरकारी घोषणा आणि कराचा हिशेब खरा आहे.

ती सॉफ्टवेअर टेस्टर, राहायला वाकडला. एप्रिल २०२४ मध्ये तिने नोकरी सोडली आणि तेच काम कन्सल्टंट म्हणून करारावर घेतलं. महिन्याला १,६०,००० रुपये, त्यातून १० टक्के टीडीएस. वर्षाची जमा १९,२०,०००, कापलेला टीडीएस १,९२,०००. कलम ४४एडीए लावलं की निम्मी जमा नफा धरली जाते, म्हणजे ९,६०,०००. त्यातून गृहकर्जाचं व्याज १,९०,०००, ८०सीचे १,५०,०००, एनपीएसचे ५०,००० आणि स्वतःच्या व आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे ७२,००० वजा केले की उरतात ४,९८,०००. जुन्या करप्रणालीत यावर कर शून्य, कारण पाच लाखांपर्यंत पूर्ण सूट मिळते. नव्या प्रणालीत या वजावटी नाहीत. त्या वर्षीच्या दरांनी तिथे कर ४७,८४० रुपये. हा हिशेब तिने जूनमध्येच एक्सेलमध्ये मांडला होता आणि तो बरोबर होता.

२७ मे २०२५. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली. तिने ठरवलं, गणपती उरकले की निवांत बसू.

३० ऑगस्ट, संध्याकाळची आरती झाल्यावर. सीएची आर्टिकलशिप करणारा मावसभाऊ म्हणाला, "ताई, यंदा तुला वेगळा फॉर्म भरावा लागेल हं." ती म्हणाली, "माहितीये, आयटीआर-४." तेवढ्यात त्याला प्रसाद वाटायला हाक आली.

तो १०-आयईएबद्दल बोलत होता. पगारदार माणूस जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्नमध्येच तशी खूण करतो. मागच्या वर्षी, नोकरीतल्या पगाराच्या रिटर्नमध्ये, तिने तेच केलं होतं. पण व्यवसायाचं उत्पन्न सुरू झालं की नियम बदलतो. नवी प्रणाली आपोआप लागू असते. तिच्यातून बाहेर पडायचं तर फॉर्म १०-आयईए स्वतंत्रपणे, रिटर्नच्या मुदतीच्या आत, पोर्टलवर दाखल करावा लागतो. काम दहा मिनिटांचं. तिचा टीडीएस पगाराच्या कलमातून निघून व्यावसायिक शुल्काच्या कलमात गेला, हे खात्याच्या नोंदींत वर्षभर दिसत होतं. अशा प्रत्येक करदात्याला पोर्टलने जूनमध्ये एका ओळीचा इशारा द्यायला काय हरकत होती, हे मला आजही कळत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर, रात्र. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढल्याचा मेसेज सगळीकडे फिरत होता. तो खोटा असल्याचं प्राप्तिकर खात्याने जाहीर केलं. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, खुलासा आला नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर, सकाळी ११.००. मुदतवाढ झालेली नाही हे तिला एका सहकाऱ्याकडून कळलं. त्याच दिवशी आगाऊ कराचा दुसरा हप्ताही होता, त्यामुळे पोर्टलवर दुहेरी गर्दी. पान उघडत नाही, एआयएस (वार्षिक माहिती विवरण) उतरत नाही, अशा तक्रारी देशभरातून येत होत्या. पोर्टल नीट चालू आहे, ब्राउझरची कॅश साफ करून पाहा, असं खातं सांगत होतं.

रात्री ९.१०. तिने लॉग-इन केलं. एआयएसचं पान गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा लॉग-इन, पुन्हा तेच.

रात्री १०.४०. तिने लॅपटॉप मिटला. पाच हजार दंड भरू, असं नवऱ्याला सांगून ती झोपली. उशिरा रिटर्न भरल्याचं नुकसान तिच्या हिशेबात तेवढंच होतं.

मध्यरात्रीच्या थोडं आधी. एक दिवसाची मुदतवाढ जाहीर झाली: १६ सप्टेंबर. तोवर देशभरात ७.३ कोटींहून जास्त रिटर्न दाखल झाले होते. पोर्टल रात्री १२ ते २.३० देखभालीसाठी बंद राहणार होतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर, सकाळी ७.१५. बातमी तिने चहा घेताना वाचली. हातात पावणेसतरा तास होते.

दुपारी १.०५. जेवणाच्या सुट्टीत पोर्टल चटकन उघडलं. एआयएस आणि २६एएस उतरवले. १,९२,००० रुपये जुळले. रिटर्नची एक्सेल युटिलिटीही तिने उतरवून ठेवली. दीडला मीटिंग होती, म्हणून ती उघडली नाही.

संध्याकाळी ७.००. रिलीजचा कॉल सुरू झाला. तो ९.२० ला संपला.

रात्री ९.४५. तिने युटिलिटी उघडली. नव्या प्रणालीतून बाहेर पडायचंय का, या प्रश्नाला तिने 'होय' निवडलं. लगेच आणखी दोन रकाने आले: १०-आयईए दाखल केल्याची तारीख आणि पावती क्रमांक. ते तिने रिकामे ठेवले. मागच्या वर्षीच्या कुठल्याशा कागदाचे असतील, नंतर बघू, असं तिला वाटलं.

दोन तास पंधरा मिनिटं शिल्लक होती.

रात्री १०.२०. वजावटींची पानं. या वर्षापासून नुसते आकडे पुरत नव्हते. पीपीएफचा खाते क्रमांक हवा, विम्याचा पॉलिसी क्रमांक हवा, गृहकर्जासाठी बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम, शिल्लक रक्कम, सगळं हवं. व्याजाच्या दाखल्यावर मंजुरीची तारीख नव्हती. मंजुरीपत्र लोखंडी कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये, मुलाच्या जन्मदाखल्याखाली सापडलं. त्यात पस्तीस मिनिटं गेली.

रात्री ११.३१. सगळं भरून तिने तपासणीचं बटण दाबलं. एकच चूक दाखवली गेली: तेच दोन रकाने.

रात्री ११.३८. १०-आयईए म्हणजे काय, हे तिने पहिल्यांदा वाचलं.

रात्री ११.४९. फॉर्म पोर्टलवर सापडला, भरून झाला. आता ई-व्हेरिफिकेशन. तिचं बँक खातं ईव्हीसीसाठी सुरू केलेलं नव्हतं. उरला आधारचा ओटीपी. तिच्या आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला होता तो बाबांचा, साताऱ्यातला.

या क्षणी एक वाट मोकळी होती. नव्या प्रणालीत रिटर्न तसंच अपलोड करायचं. रिटर्नच्या पडताळणीला ३० दिवस मिळतात. ४७,८४० गेले असते, दंडाचे ५,००० वाचले असते. १०-आयईएला मात्र अशी सवलत नाही, पडताळणी झाली तरच तो दाखल होतो. तिने ओटीपीची वाट धरली.

रात्री ११.५३. ओटीपी मागवला. बाबांचा फोन वाजून बंद झाला.

रात्री ११.५५. दुसऱ्या फोनला बाबांनी उचललं.

"काय गं, बरं आहे ना सगळं?"

"बाबा, मेसेज आलाय त्यातले सहा आकडे सांगा."

"ओटीपी कुणाला सांगायचा नाही म्हणतात ना?"

"बाबा, मी बोलतेय."

"अगं हो. थांब, चष्मा घेतो."

रात्री ११.५७. वाट पाहताना तिने 'पुन्हा पाठवा' दाबलं. बाबांनी आकडे सावकाश वाचले, प्रत्येक आकडा दोनदा. ते पहिल्या मेसेजचे होते. पोर्टलने नाकारले.

रात्री ११.५९. "बाबा, अजून एक आला असेल."

"आलाय बहुतेक. तू फोनवर आहेस तर मेसेज कसा उघडू?"

तिने बटण कुठे आहे ते सांगितलं.

१७ सप्टेंबर, मध्यरात्रीनंतर एक मिनिट. ओटीपी स्वीकारला गेला. हिरव्या खुणेसह १०-आयईएची पावती आली. पावतीवर तारीख १७ सप्टेंबर २०२५. त्या रात्री मुदतवाढ आली नाही.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण नव्या प्रणालीतच. उत्पन्न पाच लाखांवर, म्हणून कलम २३४एफचं शुल्क ५,०००. वजावटीची पानं आता भरायचीच नव्हती, त्यामुळे सगळं पंचवीस मिनिटांत झालं. १,९२,००० ऐवजी परतावा निघाला १,३९,१६० रुपये.