स्टुडिओ होता, चॅनेल नव्हतं: बालचित्रवाणीची गोष्ट

आजचा विषय टीव्ही. तुम्ही हे मोबाइलवर ऐकताय, बऱ्याच जणांच्या घरी केबल कधीच काढून टाकलीय, तरी पण थांबा. कारण आजची गोष्ट टीव्हीच्या डब्याची नाहीच. मुलांना काय दिसणार आणि केव्हा दिसणार, हे ठरवतं कोण, याची ती गोष्ट आहे.

सुरुवात रशियापासून करू. २७ डिसेंबर २०१० ला तिथे ‘कारुसेल’ नावाचं मुलांचं चॅनेल सुरू झालं. कारुसेल म्हणजे जत्रेतला गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा. तिथल्या दोन मोठ्या सरकारी प्रसारण कंपन्यांकडे मुलांची वेगवेगळी चॅनेलं होती, एकीकडे ‘बिबिगोन’ आणि दुसरीकडे ‘तेलेन्यान्या’. ती एकत्र करून हे एक काढलं, आणि देशभर फुकट दिसणाऱ्या पहिल्या दहा डिजिटल चॅनेलांमध्ये त्याला जागा दिली. म्हणजे अँटेना लावला की बातम्या दिसणार, खेळ दिसणार आणि मुलांचं चॅनेलही दिसणार.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रश्न आला, की मराठीत असं काही कधी होतं का?

उत्तर जरा विचित्र आहे. चॅनेल कधीच नव्हतं. पण चॅनेलला जे लागतं, ते जवळजवळ सगळं होतं. पुण्यात स्टुडिओ होता, कॅमेरे होते, लेखक होते, सरकारचा पैसा होता. वर आकाशात सॅटेलाइट होता. आणि या गोष्टीचं एक टोक चक्क आपल्या नागपुरात होतं.

आधी सॅटेलाइट आला

१ ऑगस्ट १९७५ ला भारतात ‘साइट’ नावाचा एक प्रयोग सुरू झाला. नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला दिला. इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही संच बसवले, वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती आणि आरोग्य. ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

मग देशाने ठरवलं की आता उपग्रह आपलाच हवा. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये वर गेला आणि सप्टेंबरमध्येच निकामी झाला. त्याच्या जागी इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ ला चॅलेंजर या अमेरिकन स्पेस शटलमधून गेला, आणि तो चालला. त्यावर गावातल्या छत्रीला थेट सिग्नल देणारे दोन ट्रान्सपाँडर होते. संपूर्ण देशासाठी फक्त दोन, हे लक्षात ठेवा.

या योजनेत सहा राज्यं घेतली: आंध्र प्रदेश, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र. प्रत्येक राज्यातला मागे पडलेला एकेक भाग निवडला. महाराष्ट्रात तो मान नागपूर आणि आसपासच्या भागाला मिळाला. ‘मान’ म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा भाऊ, निकष मागासलेपणाचा होता! पण त्यामुळेच राजकोट, रांची, गोरखपूर यांच्यासोबत नागपुरातही दूरदर्शनचं कार्यक्रम-निर्मिती केंद्र आलं. मुंबईत टीव्ही २ ऑक्टोबर १९७२ लाच सुरू झाला होता. तिथल्या घराघरांत ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम बघितला जायचा. पण तो टीव्ही मुंबई-पुण्याचा होता. विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेपर्यंत काही पोचवायचं, तर वरूनच पाठवावं लागणार होतं.

मग पुण्यात कारखाना उघडला

सॅटेलाइट म्हणजे नुसता पाइप. त्यातून सोडायचं काय? त्यासाठी दिल्लीत एक केंद्रीय संस्था आणि या सहा राज्यांत सहा राज्य संस्था काढल्या. महाराष्ट्राची संस्था जानेवारी १९८४ मध्ये पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी उभी राहिली. सरकारी नाव ‘राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था’. ते कोण लक्षात ठेवणार? लोकांना माहीत झालं ते दुसरं नाव: बालचित्रवाणी.

नाव किती छान आहे बघा. रेडिओची आकाशवाणी, पुस्तकांची बालभारती, आणि या दोघींच्या मधली ही बालचित्रवाणी.

आता यातलं गणित सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्या गणितातच आहे. उपग्रह एक. भाषा पाच: मराठी, गुजराती, तेलुगू, ओडिया आणि उत्तर प्रदेश-बिहार मिळून हिंदी. शाळेच्या दिवशी या शैक्षणिक प्रसारणाला एकूण पावणेचार तास मिळायचे. पाच भाषांत वाटले की प्रत्येक भाषेला ४५ मिनिटं. त्यातही दोन वयोगट, ५ ते ८ आणि ९ ते ११ वर्षं. म्हणजे मराठीतल्या पहिली-दुसरीच्या पोराच्या वाट्याला दिवसाला साधारण वीस मिनिटं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टाइम-शेअरिंग म्हणतो. एकच सर्व्हर, पाच जण रांगेत, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. यात वाईट काही नाही, साधनं कमी असली की असंच करतात. पण एक गोष्ट बघा. कार्यक्रम बनवायचा बालचित्रवाणीने आणि वेळ मात्र दूरदर्शनची. समजा, ठरलेल्या वेळी तुमची शाळा भरलेलीच नाही. किंवा लाइट गेली. किंवा संच बिघडला आणि दुरुस्त करणारा माणूस तालुक्याहून यायचाय. तर तो भाग गेला तो गेला. ‘नंतर बघू’ हा पर्याय तेव्हा नव्हता.

बालचित्रवाणीचा बॅकएंड मजबूत होता. प्रॉडक्ट लोकांपर्यंत न्यायचं बटण मात्र दुसऱ्याच ऑफिसात होतं.

नव्वदीत सगळं बदललं

मग केबल आली. १ मे १९९५ ला भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं, आणि मुलांचा टीव्ही म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. आता वीस मिनिटं कोण मोजतो? सकाळी लावा, रात्री लावा, कार्टून आहेच. २००४ मध्ये पोगो आलं, हंगामा आलं, डिस्ने आलं. भाषा मुख्यतः हिंदी.

याच काळात दक्षिणेत वेगळं घडत होतं. सन समूहाने २००७ मध्ये तमिळ मुलांसाठी ‘चुट्टी टीव्ही’ काढलं, मग तेलुगूत ‘खुशी’, कन्नडमध्ये ‘चिंटू’, मल्याळममध्ये ‘कोचू’. चारही भाषांना आपापलं चॅनेल. मराठीला नाही. का? माझा तर्क असा, की मराठी मुलाला हिंदी कळतं हे सगळ्यांनी गृहीत धरलं. नागपुरात तर ते शंभर टक्के खरं आहे, आपण भाजीवाल्याशी हिंदीतच सुरू होतो. जाहिरातदाराला एकाच हिंदी चॅनेलमध्ये आपलं पोरगं मिळत असेल, तर तो मराठीसाठी वेगळा पैसा कशाला टाकेल?

बाजार हे काम करणार नाही, हे उघड होतं. म्हणजे उरलं सरकार, आणि सरकारकडे बालचित्रवाणी होती. कार्यक्रम बनत होते, पुढे सह्याद्रीवर लागतही होते. खरं तर तेव्हाच कोणीतरी म्हणायला हवं होतं की यांना वीस मिनिटं नको, चॅनेल द्या. पण झालं उलट. केंद्राचा पैसा आटला. राज्याने पूर्ण भार उचलला नाही. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, बातम्या आल्या, निवेदनं झाली. शेवटी २०१७ मध्ये राज्य सरकारने बालचित्रवाणी बंद केली. काळ डिजिटलचा आहे, त्यामुळे ते काम आता बालभारतीकडून ‘ई-बालभारती’ म्हणून होईल, असं ठरलं.

वरवर पाहता निर्णय पटतो. २०१७ म्हणजे स्वस्त डेटाचा काळ, सगळ्यांच्या हातात फोन. टीव्ही कोण बघतो?

तीन वर्षांनी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि पहिल्याच महिन्यात कळलं, की घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात फोन असणं यात फरक आहे. फोन एक, तो बाबांबरोबर कामावर. भावंडं तीन. रेंज गच्चीवर.

मग महाराष्ट्राने काय केलं? परत टीव्हीकडे वळला. २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली. ती बनवली एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने. काम चांगलं झालं, अनेक घरांत ती बघितली गेली. पण विचार करा, ज्या गोष्टीसाठी १९८४ मध्ये एक अख्खी संस्था उभी केली होती, तिची सगळ्यात जास्त गरज २०२० मध्ये पडली. आणि ती संस्था २०१७ मध्येच बंद करून टाकली होती.

केंद्रालाही तेच कळलं. ‘एक वर्ग, एक चॅनेल’ म्हणून बारा चॅनेलं काढली, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ती दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा झाली. दुसरीकडे २०२१ मध्ये ‘ईटीव्ही बाल भारत’ आलं. त्यात इतर भाषांसोबत मराठीही होती, म्हणजे उशिरा का होईना, बाजारानेही मराठी मूल मोजलं.

मग हवं काय?

आता कोणी म्हणेल, कारुसेलसारखं सरकारी चॅनेल काढा. थोडं थांबा. चॅनेल सरकारचं असलं की मुलांनी काय बघायचं हेही सरकारच ठरवतं, आणि रशियाचं उदाहरण घेताना ही बाजू विसरून चालणार नाही. पण बाजारावर सोडलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं: वीस वर्षं मराठी मूल हिंदीच्या हिशेबात धरलं गेलं. आणि आज यूट्यूबवर सोडलं, तर ती वेळ अल्गोरिदमची. पुढचा व्हिडिओ कोणता, हे ना आई ठरवते ना मास्तर.

मला यातून एवढंच दिसतं. कार्यक्रम बनवणं हे अर्धं काम आहे. तो मुलापर्यंत रोज, ठरलेल्या जागी, फुकट पोचेल अशी हक्काची वाट असणं हे उरलेलं अर्धं. बालचित्रवाणीला पहिलं दिलं आणि दुसरं कधीच दिलं नाही. मग तेहेतीस वर्षांनी विचारलं, तुमचा उपयोग काय?

आणि एक शेवटचं. त्या काळचं चित्रीकरण टेपवर व्हायचं. टेप जुनी होते, आणि ती चालवणारी मशिनंही आता बनत नाहीत. मराठी मुलांसाठी लोकांच्या कराच्या पैशातून बनलेले हे कार्यक्रम लोकांना बघायला खुले असायला हवेत, यासाठी नवीन स्टुडिओ लागत नाही. एक सर्व्हर पुरतो, ते मी धंद्याने सांगू शकतो.

तुमच्या घरी किंवा ओळखीत ऐंशी-नव्वदच्या दशकात विदर्भातल्या शाळेत शिकवणारं कोणी असेल, तर त्यांना एक विचारा: शाळेत टीव्ही आला होता का, आणि तो किती दिवस चालला? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. हा इतिहास अजून पुस्तकात नाही, माणसांकडेच आहे.

भेटू पुढच्या भागात.